झबलं नको, आधी दुपटं

ताई, नमस्कार.

माझं वय ५२. साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेब बघते. आमच्या सोसायटीतल्या चौदा जणींची भिशी आहे. दर संक्रांतीला हळदीकुंकू करतो, वाण लुटतो. यंदा कुणीतरी सुचवलं की प्लॅस्टिकचे डबे आणि कंगवे लुटण्यापेक्षा सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींना बाळंतविडे देऊ, आणि तेही घरी शिवून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग वाटणी झाली. प्रत्येकीला पाच विडे. एका विड्यात दोन झबली, एक टोपडं, चार लंगोट, एक दुपटं.

मला शिवता येत नाही. बटण तुटलं तरी मी कोपऱ्यावरच्या टेलरकडे जाते. आठवीत शिवणाच्या बाईंनी माझं काज वर्गभर फिरवलं होतं, "उंदराने कुरतडलंय" म्हणत. त्यानंतर सुई हातात धरली नाही. भिशीत म्हटलं, मी पैसे देते, कुणाकडून तरी शिवून घ्या. तर आमच्यातल्या थोरल्या काकू म्हणाल्या, "पैसे काय गं, कुणीही देतं. हाताने केलं तर पुण्य." सगळ्या हसल्या.

घरी सासूबाईंची पायमशीन आहे. त्या गेल्यापासून तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतो. मागच्या आठवड्यात मशीनचं तेल आणलं, पण बाटली अजून उघडलेली नाही. खरं सांगायचं तर मला शिकायची हौस नाही. अशा मनाविरुद्ध शिवलेल्याला दान म्हणायचं का? काहीतरी कारण सांगून अंग काढून घेऊ, की शिकू? सात आठवडे उरलेत.

– अडकलेली, सातारा

*

ताई,

अंग काढून घ्यायचं असेल तर कारण तेवढं सांगू नका. भिशीत कारणं टिकत नाहीत. मान दुखते म्हणालात तर तेरा जणी तेरा तेलं सुचवतील आणि त्यातली एक संध्याकाळी बाटली घेऊन दारात उभी राहील. नसेलच करायचं तर "मला जमणार नाही, माझ्या वाटणीचे पैसे धरा" एवढंच म्हणा आणि चहा प्या.

आणि पैसे देण्यात कमीपणा काहीही नाही. हिशेब तुमचाच प्रांत आहे, म्हणून हिशेबच मांडते. सत्तर विडे म्हणजे सत्तर दुपटी. दुपटं दोन पदरी, एकेका पदराला सुमारे एक मीटर. नुसत्या दुपट्यांनाच १४० मीटर कापड झालं. त्यात १४० झबली, २८० लंगोट आणि सत्तर टोपडी अजून धरलीच नाहीत. हे कापड कुणाच्या पुण्याईवर येणार आहे? काकूंना मी ओळखत नाही, पण भिशीत पैसे काढायची वेळ आली की "कुणीही देतं" म्हणणाऱ्यांचा आवाज किती खाली येतो ते मी बऱ्याच भिश्यांमध्ये पाहिलं आहे.

आणखी एक सांगते, काकूंच्या कानावर घालू नका. घरी शिवून पैसे वाचतात असं काही नाही. तिरुपूरहून येणारी होजिअरीची झबली ठोक भावात घेतली, तर आपण मीटरवर कापड घेऊन शिवलेल्या झबल्यापेक्षा स्वस्त पडतात. बरं, मऊही असतात. मग घरी शिवायचं कशाला? मला एकच कारण पटलं आहे, ते म्हणजे माप. दुकानातलं सगळ्यात लहान झबलं नऊ महिने भरलेल्या, तीन किलोच्या बाळाला बसतं. सरकारी दवाखान्यात अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळं पुष्कळ असतात. पावणेदोन किलोचं बाळ त्या झबल्यात बुडून जातं, टोपडं नाकावर येतं. त्या मापाचं दुकानदार सहसा ठेवत नाही, कारण ते बाळ महिन्या-दोन महिन्यांत त्यातून बाहेर पडतं. इथे घरच्या शिवणाला अर्थ आहे. तेव्हा तुम्ही शिवा किंवा शिवू नका, भिशीतल्या दोघींनी आधी वॉर्डात जाऊन काय लागतं, कुठल्या मापाचं लागतं हे विचारून या. तुमच्या पत्रात सगळं आहे. विड्यात काय काय, कुणाकडे किती, संक्रांतीला किती दिवस. पण दवाखान्यात कुणी विचारलं का, ते कुठेच नाही.

हे मी विचारते, कारण मी विचारलं नव्हतं.

मी चाळिशीत शिवायला शिकले. शिकले म्हणजे शेजारणीच्या मशीनवर चार महिने टीप मारली आणि मला वाटायला लागलं की आता येतं. त्या भरात बारा झबली शिवली. गळ्याला लेस, पुढे सॅटिनच्या रिबिनीचे बंद, छातीवर पिवळं बदक. ती घेऊन एका दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात गेले. सिस्टर कामात होत्या. तरी उठल्या, एक झबलं उचललं आणि आधी ते उलटं केलं. बदकाकडे पाहिलंसुद्धा नाही. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात तिथल्या, शिवणीवरून अंगठा फिरवला. आत कापडाच्या कडा कापल्या तशाच सोडलेल्या, दोरे लोंबत होते. लेसचं नायलॉनचं टोक गळ्याशी आतल्या अंगाला आलेलं. मग त्यांनी बंदांची गाठ मारून पाहिली. सॅटिनची गाठ, बघता बघता सुटली. "छान केलीयत हो," त्या म्हणाल्या, "पण हे काखेत घासणार. आणि बंद एवढे लांब नकोत, गळ्याभोवती जातात. तुम्ही दुपटी का नाही देत? दुपटी आम्हाला किती आली तरी लागतात."

बारा झबली मांडीवर घेऊन मी रिक्षातून परत आले. त्या बंदांवर मी तीन-तीनदा टीप मारली होती, ते उसवायला दोन रात्री गेल्या.

तेव्हापासून बाळाचं काहीही हातात आलं की मी ते उलटं करते. बारशाच्या घरी लोकांना वाटतं ही बाई किंमतीचं लेबल शोधतेय.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मनाविरुद्ध शिवलेल्याला दान म्हणायचं का. मार्चअखेरीला रात्री नऊपर्यंत बसून तुम्ही ताळेबंद जुळवता, तेव्हा मनापासून बसता का? आणि मन नव्हतं म्हणून तो ताळेबंद खोटा होतो का? शिवलेल्या कापडाचंही तसंच आहे. दुपटं बाळाच्या अंगावर पडेल तेव्हा त्याची शिवण टोचते की नाही, धुतल्यावर ते टिकतं की नाही, एवढंच तिथे चालेल. तुम्ही ते हसत शिवलं की दात-ओठ खात, हे त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. मी तर म्हणेन की हौशी बाईपेक्षा नाखूश बाईचं शिवण दानाला बरं. हौशी बाई बदक लावते.

म्हणून शिकायचं ठरवलंत तर झबल्याच्या वाटेला जाऊ नका. पहिले काही आठवडे तर नकोच. झबल्याला गळा आहे, मुंढा आहे, बाह्या आहेत. या सगळ्या गोलाया, आणि गोलाईवर टीप मारणं हे नवशिक्याचं काम नव्हे. टोपडं दिसतं एवढंसं, पण त्यात चुण्या येतात. दुपट्यात मात्र चार सरळ रेषा आणि चार कोपरे. संपलं. शिवाय ते कधी लहान होत नाही. पावणेदोन किलोच्या बाळालाही चालतं आणि चार किलोच्याही.

आणि दुपटं म्हणजे विड्यातला किरकोळ नग, असंही समजू नका. कमी वजनाच्या बाळाला हल्ली आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं तासन् तास ठेवतात. कांगारू मदर केअर म्हणतात त्याला. १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या एका रुग्णालयात, बाळं ठेवायला काचपेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी हा मार्ग काढला आणि आता तो आपल्या सरकारी दवाखान्यांतही रोजचा झाला आहे. त्या वेळी बाळाच्या अंगात झबलं असलंच तर पुढून उघडं. डोक्याला टोपडं, खाली लंगोट, पायमोजे आणि वरून पांघरूण. कोरडी, स्वच्छ दुपटी हाताशी किती लागत असतील बघा. बाळ ओलं करतं, दूध काढतं, आणि बाळंतिणीसोबत आलेल्या आजीला ती धुवून वाळत घालायला धड दोरी मिळत नाही.

तर दुपटं. कापड मऊ सुती घ्या, मलमल किंवा केंब्रिक. टेरिकॉट नको, कितीही सुंदर असलं तरी. रंग फिका, कारण गडद रंग ओला झाला की बाळाच्या अंगावर उतरू शकतो. पन्हा ३६ इंच असेल तर एक मीटर घेतलं की जवळपास चौकोन मिळतो. आणि बेतायच्या आधी कापड पाण्यातून काढा. ही पायरी सगळे गाळतात. नव्या कापडाला खळ असते आणि सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आधी आटवलं नाही तर शिवून झाल्यावर एक पदर जास्त आटतो, दुसरा कमी, आणि दुपट्याला पापडासारखे फुगे येतात.

वाळलं, इस्त्री झाली, की दोन चौकोन सुलट बाजू आतमध्ये येईल असे एकमेकांवर ठेवा. कडेने कच्चे टाके घाला, हाताने, मोठे मोठे धावदोऱ्याचे, आठवीतल्या बाईंना झीट येईल असे. टाचण्या लावूच नका. लावल्यात तर मोजून लावा, मोजून काढा आणि दोन्ही आकडे कागदावर लिहा. दुपट्यात राहिलेली एक टाचणी काय करेल ते सांगायला नको.

मग कडेपासून अर्धा इंच आत मशीनची टीप. पहिली बाजू, सरळ, शेवटाला अर्धा इंच राहिला की थांबा. हाताने चाक फिरवून सुई कापडात खाली उतरवा. सुई खालीच ठेवून फूट, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग, वर उचला, सुईभोवती कापड काटकोनात फिरवा, फूट खाली टाका, पुढे चला. कोपरा झाला. पहिल्यांदा फूट खाली टाकायला विसराल. दुसऱ्यांदाही विसराल. खाली दोऱ्याचं जाळं होईल, मशीन कापड गिळल्यासारखी घट्ट धरेल आणि तुम्हाला वाटेल की मोडली. मोडलेली नसते. फूट वर राहिला असतो, नाहीतर वरचा दोरा कुठल्या तरी कडीतून निसटलेला असतो. पुन्हा ओवायचा.

चौथ्या बाजूला वीतभर जागा उघडी ठेवा. कोपऱ्यांची टोकं टिपेच्या बाहेरून थोडी कापा, म्हणजे आत गठ्ठा होत नाही. आता त्या वीतभर फटीतून हात घालून सगळं दुपटं आतलं बाहेर ओढून काढा. कोपरे पेन्सिलीच्या बोथट बाजूने ढोसून बाहेर काढा, कात्रीने नको, आरपार जाते. मग फटीच्या कडा आत दुमडून, अगदी काठाला धरून, सगळीकडून पुन्हा एक टीप. मध्ये दोन तिरप्या टिपा फुलीसारख्या मारल्या की पदर एकमेकांवरून सरकत नाहीत.

आता हे दुपटं उलटं करून दाखवा बघू. करता येणार नाही. त्याला उलटी बाजूच उरलेली नाही, सगळ्या कापलेल्या कडा दोन पदरांच्या आत गेल्या. टीप वाकडी गेली असेल, तर गेली. वाकडी टीप टोचत नाही.

लंगोट नंतर. चौकोनी लंगोट शिवाल तर त्यातही सरळ रेषाच आहेत, पण एकेरी मलमलीची कड दोनदा दुमडून शिवायची असते आणि ती बोटांतून सटकते. पाच-सहा दुपटी झाल्यावर त्याकडे वळा, वाटलं तर.

मशीनची भीती वेगळी असते, मला माहीत आहे. पायमशीनची तर जास्त, कारण तिथे हात आणि पाय यांचं भांडण लागतं. यंत्रांबद्दल एवढं कडक बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राला मात्र अपवाद म्हटलं होतं. सिंगरने बायकोचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी ते शोधलं, असंही ते म्हणाले. गांधीजींना कुणी सांगितलं देव जाणे. १८५१ साली पेटंट घेणाऱ्या या सिंगरसाहेबांचे संसार एकाहून अधिक होते आणि मुलं वीसच्या वर, तेव्हा कुठल्या बायकोचे कष्ट पाहिले हा प्रश्नच आहे. पण अपवाद मात्र गांधीजींनी बरोबर केला.

पहिल्या संध्याकाळी दोरा ओवू नका, कापडही घेऊ नका. मशीनवरचे इस्त्रीचे कपडे उचला, झाकण काढा, पट्टा बघा. चामड्याचा पट्टा वर्षानुवर्षं पडून राहिला की सैल होतो आणि चाकावरून घसरतो. मेकॅनिक थोडा कापून, तारेची कडी लावून पुन्हा जोडून देतो. हे काम त्यालाच सांगा, आणि त्याच्याकडूनच नवी सुई घ्या, चौदा नंबरची. जुनी सुई गंजलेली किंवा बोथट असणार. सुईची एक बाजू सपाट असते. जुनी काढताना ती कुठल्या बाजूला होती ते बघून ठेवा. उलटी बसली की टाके सुटतात आणि आपण मशीनला शिव्या देत बसतो.

मग मशीनच्या वरच्या, उजवीकडच्या चाकाच्या मधला स्क्रू सैल करा. चाक फिरेल, सुई जागची हलणार नाही. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, भरताना असंच करतात. अशी अर्धा तास नुसती पायांनी मशीन चालवा. चाक तुमच्या दिशेने फिरलं पाहिजे. सुरुवातीला ते दर चौथ्या वेळेला उलटं फिरेल, आणि दोरा ओवलेला असता तर तटकन तुटला असता. म्हणून तर ओवलेला नाही. हाताने चाकाला थोडा धक्का आणि लगेच पाय. टीव्हीवर मालिका चालू असेल तर बरंच, लक्ष तिकडे गेलं की पाय आपोआप शिकतात.

दुसऱ्या संध्याकाळी स्क्रू आवळा आणि इंग्रजीचं अक्षर गिरवायला मुलांना लागते ती चाररेघी वही आणा. दोरा न ओवता, तिच्या रेघेवरून सुई चालवा. कागदावर भोकांची ओळ उमटते. ती रेघ सोडून कुठे भरकटली ते उजेडात धरलं की स्वच्छ दिसतं. दोन-तीन पानांत तुमच्या लक्षात येईल की आपण सुईकडे बघतोय म्हणून वाकडं जातंय. बघायचं फुटाच्या उजव्या कडेकडे, ती रेघेला समांतर ठेवायची. हे मला शेजारणीने महिन्याभराने सांगितलं. तोवर ती स्वयंपाकघरातून नुसती हसत होती. कागदावर चालवून ती सुई बोथट होते, तेव्हा कापडाला बसण्याआधी दुसरी घाला. त्यात कंजूषी नको.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुन्या उशीच्या अभ्र्यावर दोरा ओवून. मग दुपटं. पहिल्या दुपट्याला पूर्ण रविवार जाईल आणि ते दवाखान्यात देण्यासारखं नसेल. इस्त्रीखाली घालायला ठेवा. तिसऱ्यापासून पुढची मला पाठवली तरी मी नाव ठेवणार नाही. उसवायला लाजू नका, सीम रिपर म्हणून एक छोटं हत्यार मिळतं ते घ्या, ब्लेडने उसवताना कापड जातं. चुकीची नोंद तुम्ही खोडून पुन्हा लिहिताच ना?

आता काज. माझा त्या बाईंवर राग आहे, आणि तो मी इथे काढून घेणार आहे. हाताने काज करणं हे शिवणातल्या अवघड कामांपैकी एक. एकसारख्या अंतरावर, एकसारख्या ताणाचे, गाठ काठावर येईल असे टाके, आणि तेही कापलेल्या, विसकटू पाहणाऱ्या फटीभोवती. टेलरच्या दुकानातसुद्धा काजबटणाचं काम बहुतेकदा वेगळ्या माणसाकडे जातं, शहरांमध्ये "काजबटण करून मिळेल" अशा पाट्या लावून तेवढाच धंदा करणारे आहेत. असलं काम तेरा वर्षांच्या मुलीला द्यायचं, मग तिचं काज वर्गभर फिरवायचं. उंदराने कुरतडलं होतं की नाही मला माहीत नाही, पण ते काज होतं आणि तुम्ही ते पूर्ण केलं होतं. दुपट्याला काज नसतं. बाळाच्या कुठल्याच कपड्याला बटण लावू नये, सुटून तोंडात जातं. तेव्हा या कामात तुम्हाला जन्मभर काज करायची वेळ येणार नाही.

भिशीत काय बोलायचं? पुढच्या वेळी चहा येण्याआधी बोला, चहानंतर विषय साड्यांवर जातो. म्हणा, "काकू, माझ्या पाच विड्यांतली झबली आणि टोपडी माझ्याच्याने होणार नाहीत. त्याऐवजी मी दहा दुपटी देते. कापड आधी पाण्यातून काढून इस्त्री करून सगळ्यांना वाटायचं कामही माझं. झबली कुणीतरी हात बसलेलीने घ्यावीत." बघा, निम्म्या जणी सुटकेचा श्वास टाकतील. चौदातल्या किती जणींना मुंढा शिवता येतो असं वाटतं तुम्हाला? टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, पण त्यातल्या चार-पाच जणींनी तेव्हापासून कपाटातल्या मशीनकडे तुमच्यासारखंच बघितलं असणार. शर्टाच्या कारखान्यात कुणी एक माणूस अख्खा शर्ट शिवत नाही, एक जण कॉलर करतो, एक जण बाह्या जोडतो. एकीने बेतावं, दोघींनी झबली शिवावीत, कुणी दोरे कापावेत, कुणी प्रत्येक नग उलटा करून अंगठा फिरवावा. हे शेवटचं काम काकूंना द्या. मानाचं आहे आणि त्यांना आवडेल. शिवलेलं सगळं शेवटी एकदा साध्या साबणाने धुवून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून द्या. वासाची पावडर नको.

आणि तरीही नकोच वाटलं तर पहिला परिच्छेद पुन्हा वाचा. पैसे द्या. माझं मत बदलत नाही.

तुम्ही तेल आणलंत, यावरून मी असा निष्कर्ष काढणार नाही की तुम्हाला मनातून शिवायचंच आहे. तेल आपण अपराधी वाटलं म्हणूनही आणतो. माझ्या घरी व्यायामाची चटई तशीच आलेली आहे. पण बाटली उघडाल तेव्हा टोक कात्रीने कापू नका. सुई तापवून बारीकसं भोक पाडा, नाहीतर तेल भसकन येतं. वरच्या भोकांतून एकेक थेंब, खाली बॉबिनच्या घरात एक थेंब, बस. खोबरेल घालू नका कुणी कितीही सांगितलं तरी, साताऱ्याच्या थंडीत ते थिजतं आणि मशीनही. तेल घातल्यावर एखाद्या फाटक्या फडक्यावर दहा मिनिटं टीप मारत राहा, जास्तीचं तेल ते पिऊन घेतं. त्या फडक्यावर डाग पडायचे थांबले की मग मलमल काढा.